डिस्कवरची पाटी खरी हवी

लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड उभारताना पार्टिशनचा प्रकार कोणता द्यायचा, यावर नेहमी तीन सल्ले मिळतात. जुन्या वळणाची माणसं ‘एफडी’ सांगतात, काही जण साध्या लिनक्स पार्टिशनचा ‘८३’ तसाच राहू देतात, तर काहींना पार्टिशनच नको असतं. माझं मत स्पष्ट आहे : पार्टिशन कराच, आणि आत जे आहे तेच सांगणारा प्रकार द्या.

‘एफडी’ म्हणजे ‘लिनक्स रेड ऑटोडिटेक्ट’. बूट होताना कर्नलने हे तुकडे स्वतः जोडावेत, अशी ती सूचना. पण ही सोय फक्त ०.९० या जुन्या मेटाडेटापुरती आहे. आज रेड सांभाळणारं साधन एमडीअ‍ॅडम नवा संच १.२ मेटाडेटाने बांधतं आणि सुपरब्लॉकमधला यूयूआयडी वाचून तो जोडतं. पार्टिशनचा प्रकार ते पाहत नाही.

मग काहीही प्रकार दिला तर काय बिघडतं? डिस्क हाताळणाऱ्या माणसाची फसगत होते. ०.९० आणि १.० मध्ये सुपरब्लॉक शेवटी असतो, त्यामुळे मिररमधला एकटा तुकडाही साध्या फाइल सिस्टीमसारखा दिसतो. त्यावर ‘८३’ असेल, तर रेस्क्यू डिस्कने बूट केलेला माणूस घाईत तोच माउंट करून त्यावर लिहितो. दोन्ही प्रतींचा मेळ तिथेच तुटतो.

अख्खी डिस्क देण्यातला धोका वेगळा. १.२ चा सुपरब्लॉक सुरुवातीपासून ४ केबीवर असतो. पार्टिशन टेबल नसलेली डिस्क विंडोजला कोरी वाटते आणि विंडोज ‘इनिशिअलाइझ करू का?’ असं विचारतं. ‘हो’ म्हटलं की जीपीटी पहिल्या ३४ सेक्टरांत बसते आणि सुपरब्लॉक पुसला जातो. शिवाय एकाच क्षमतेच्या दोन कंपन्यांच्या डिस्क थोड्या लहानमोठ्या निघतात. पार्टिशन करताना शेवटी शंभरेक एमबी मोकळे सोडले, तर बदली डिस्क अडत नाही.

तेव्हा नव्या डिस्कवर जीपीटी करा आणि जीडिस्कमध्ये ‘एफडी००’ द्या. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला बहुधा जीपीटी लागतेच. जुन्या एमबीआरवर १.२ असेल तर ‘डीए’ (फाइल सिस्टीम नसलेला डेटा) द्या, ‘एफडी’ फक्त ०.९० साठी ठेवा. एसएफडिस्कने प्रकार बदलला की टेबलातली नोंद तेवढी बदलते, डेटाला धक्का लागत नाही. आपल्या सर्व्हरच्या डिस्क या आठवड्यात तपासा आणि रेडच्या तुकड्यावर ‘८३’ दिसला, तर तो दुरुस्त करा.