तपासणी हवी, नवी पत्रिका नको

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्याकडे सोयरीक जुळवताना हमखास निघते, आणि बहुधा मुलीच्या घराकडे बोट दाखवूनच. पुढे मूल आजारी निपजले, तर दोष आईच्याच पदरात! विज्ञान मात्र निराळे सांगते. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून येते, एक वडिलांकडून. त्यांवरील जनुके रंगरूपाचा, रक्तगटाचा आणि काही आजारांचाही वारसा वाहून आणतात. म्हणजे खाणी दोन आहेत.

‘हा विषय विज्ञानशाखेचा, आपल्याला काय त्याचे?’ असे काही मित्र म्हणतील. पण आपल्या कात्रपहून बदलापूर स्टेशन गाठून लोकल धरली, की अंबरनाथनंतर उल्हासनगर लागते. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून हे शहर उभे राहिले. थॅलसेमियाचे जनुक ज्या समाजांत अधिक आढळते, त्यांत सिंधी समाज आहे. म्हणून इतरांनी निश्चिंत राहावे असे नाही. त्याच जनुकातील वेगळ्या बिघाडाने होणारा सिकलसेल गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत आढळतो.

हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, तर रक्तातले हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही. थॅलसेमिया मेजरच्या मुलाला साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि त्यामुळे शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी औषधेही. एकच प्रत बिघडलेली असेल, तर ती व्यक्ती केवळ वाहक. वाहक म्हणजे रोगी नव्हे! आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक. ‘एक आजारी झाले, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेब खोटा आहे. फासे दर खेपेस नव्याने पडतात.

म्हणून लग्नाआधी रक्त तपासावे, हे खरेच. पण मला भीती वेगळीच वाटते. एकनाड निघाली म्हणून स्थळे मोडणारा आपला समाज या कागदाचीही पत्रिका करील. मुलगी वाहक निघाली की नकार, आणि मुलाचे रक्त कोणी पाहायचेच नाही! वास्तविक जोडीदार वाहक नसेल, तर त्यांच्या पोटी थॅलसेमिया मेजरचे मूल जन्मत नाही. दोघेही वाहक असले, तरी गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते. पुढचा निर्णय त्या दोघांचा.

तेव्हा माझे म्हणणे असे : ही तपासणी लग्नाच्या बोलण्यांपूर्वी, कॉलेजात असतानाच व्हावी. मुलांची आणि मुलींची सारखीच व्हावी. सक्ती नको, आणि निकाल ज्याचा त्याच्याच हाती पडावा.

इथे कलाशाखेचे काम सुरू होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरांतून कॉलेजात आलेले आपणच पहिले. डॉक्टरांचा कागद घरी वाचून दाखवायचे काम आपल्याकडेच येते. त्यावरील ‘वाहक’ या शब्दाचा अर्थ ‘डागी मुलगी’ असा होऊ न देणे, हे आपल्या हाती आहे.