ताजा पास्ता आणि आठ वाजताची गोळी

एका वाचक भगिनींनी पत्रातून विचारले आहे, “आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला घरी इटालियन जेवणाचा बेत आहे. पास्ता विकतचा आणायचा नाही, घरीच मळून, लाटून करायचा आहे. वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्यासाठी भाकरी आणि दुधीची भाजी वेगळी करून ठेवावी का?”

माझे उत्तर असे, की ठेवू नये. ज्यांच्या निमित्ताने पंगत मांडायची त्यांनाच वेगळे पान वाढणे हा पथ्याचा अतिरेक आहे, आणि वैद्यकीय दृष्ट्याही त्याची गरज नाही. मात्र या बेतात एक धोका खरोखरच आहे आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो मैद्यात नाही, घड्याळात आहे. त्याविषयी सविस्तर लिहितो. त्याआधी ताजा पास्ता म्हणजे काय आणि तो ताटात किती घ्यावा, हे पाहू.

दुकानात पाकिटात मिळणारा वाळलेला पास्ता आणि घरी केलेला ताजा पास्ता हे दोन निराळे पदार्थ आहेत. वाळलेला पास्ता डुरम नावाच्या कठीण गव्हाच्या रव्यात पाणी घालून करतात. इटलीत तो याच गव्हाचा असावा असा १९६७ सालापासून कायदा आहे. ताजा पास्ता उत्तर इटलीतील, विशेषतः बोलोन्या शहराच्या परिसरातील. तो मऊ गव्हाच्या अतिशय बारीक पिठात अंडी फोडून मळतात. दक्षिणेकडे ताजा पास्ताही रवा आणि पाणी यांचाच असतो. बारी शहरातील स्त्रिया अंगठ्याने किंवा बोथट सुरीने दाबून कानाच्या पाळीसारखे ‘ओरेक्किएत्ते’ करतात, त्यात अंडे नसते. म्हणूनच शाकाहारी कुटुंबांनी अंड्याला पर्याय शोधत बसण्यापेक्षा दक्षिणेची रीत उचलावी. आपल्याकडचा बन्सी गहूही डुरम जातीचाच आहे. त्याचा बारीक रवा कोमट पाण्यात घट्ट भिजवला, तर ते काम उत्तम होते.

येथे एक गैरसमज दूर करतो. ‘भूमध्यसागरी आहार हृदयाला हितकर’ हे ऐकून अनेक जण पास्ता आरोग्यदायी मानतात. अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी १९५० च्या दशकात दक्षिण इटलीत जो आहार पाहिला आणि वाखाणला, त्यात कडधान्ये, पालेभाज्या, ऑलिव्ह तेल आणि पाव-पास्ता होता. मांस क्वचितच असे. अंड्यांचा ताजा पास्ता हा सणावारी किंवा रविवारी करण्याचा पदार्थ. आपल्याकडे जे स्थान पुरणपोळीचे, तेच त्याचे. पुरणपोळी आपण पथ्य म्हणून खात नाही, पण म्हणून ती करायचीच नाही असेही कोणी म्हणत नाही.

आता कृती. इटालियन प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे. १०० ग्रॅम पिठाला एक अंडे. चौघांसाठी ३०० ग्रॅम मैदा आणि ३ अंडी पुरेशी होतात. आपल्याकडची अंडी आकाराने थोडी लहान असतात. त्यामुळे पीठ कोरडे वाटल्यास चमचाभर पाणी घालावे. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या कणकेच्या जवळ जाणारे असे ते असावे. दहा मिनिटे चांगले मळावे आणि झाकून अर्धा तास ठेवावे. ही अर्ध्या तासाची विश्रांती टाळू नये. न मुरलेले पीठ लाटताना मागे ओढते आणि पोळी जाड राहते. बोलोन्यातील गृहिणींचे लाटणे जवळजवळ हातभर लांब असते, आपले छोटे. तेव्हा लहान गोळे घेऊन, खालचा हात दिसेल इतके पातळ लाटावे, पिठी भुरभुरून सैल गुंडाळी करावी आणि सुरीने पट्ट्या कापाव्यात. या पट्ट्यांना ‘ताल्यातेल्ले’ म्हणतात. शिजल्यावर त्यांची रुंदी ८ मिलिमीटर असावी, असे माप बोलोन्याच्या वाणिज्य मंडळाकडे १९७२ मध्ये रीतसर नोंदवून ठेवले आहे! घरच्या पट्ट्या वेड्यावाकड्या झाल्या तरी चवीत काही उणे येत नाही.

उकळत्या पाण्यात ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांतच शिजतो. लगदा होईपर्यंत शिजवू नये. पास्ता जितका जास्त शिजेल, तितक्या लवकर त्यातील पिष्ट पचते आणि साखर वेगाने वाढते. पाण्यात दर लिटरला १० ग्रॅम मीठ घालण्याची इटालियन पद्धत आहे. रक्तदाबाचे रुग्ण पंगतीत असतील तर ते निम्मे करावे. वरून किसायच्या परमेसान चीजमध्येही मीठ भरपूर असते, त्यामुळे चव कमी पडत नाही. (अस्सल परमेसान वासराच्या जठरातील रेनेट वापरून करतात. पूर्ण शाकाहारी पाहुण्यांना हे आधी सांगणे इष्ट.)

अंड्याविषयी दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. कच्च्या अंड्यात आणि कवचावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, कच्चे पीठही निर्जंतुक नसते. मुले हौसेने मळायला बसतात, बसू द्यावे, पण कच्चे पीठ चाखू देऊ नये आणि नंतर हात, पोळपाट, सुरी साबणाने धुवावी. दुसरे म्हणजे, शेवया आणि कुरडया उन्हात वाळवण्याची आपली सवय येथे लागू करू नये. त्यात अंडे नसते. अंड्याचा पास्ता कापल्यावर दोन तासांत, आणि उन्हाळा असेल तर तासाभरात, शिजवावा किंवा पिठी लावून, झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवसानंतर वापरायचा असल्यास थेट फ्रीझरमध्ये ठेवावा. पास्ता उकळला की जिवाणू मरतात, मात्र ‘कार्बोनारा’सारख्या प्रकारात विस्तव बंद करून कच्चे अंडे मिसळतात. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांच्या पानात तो वाढू नये.

वडिलांच्या पानात किती वाढावे? हिशेब सरळ आहे. १०० ग्रॅम मळलेल्या पिठात सुमारे ५० ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे साधारण तीन लहान फुलक्यांइतकी. इटलीत ताज्या पास्त्याचे एका वेळचे प्रमाण १०० ग्रॅमच मानतात. हे वजन शिजण्यापूर्वीचे. मधुमेही व्यक्तीने ७० ग्रॅम घ्यावे, म्हणजे दोन फुलके झाले. रोज दोन-तीन फुलके खाणाऱ्या माणसाला यात नवे काहीच नाही. साखर वाढते ती सोबतच्या गार्लिक ब्रेडने, बटाट्याच्या फोडींनी आणि शेवटच्या गोड पदार्थाने. पास्त्याबरोबर गार्लिक ब्रेड ही मुळात इटलीची रीतच नाही, तेव्हा तो निःशंकपणे वगळावा. पास्त्याआधी पालेभाजीचे किंवा काकडी-टोमॅटोचे सॅलड आणि ऑलिव्ह तेल-लसणावर परतलेला पांढरा राजमा वाढावा. भाज्या व प्रथिने आधी आणि पिष्ट नंतर खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. वर टोमॅटोचा साधा रस्सा पुरे, मैदा-लोण्याचा पांढरा सॉस त्या दिवशी नको.

आता घड्याळाकडे वळू. तीस वर्षांच्या व्यवसायात सणाच्या किंवा समारंभाच्या रात्री मला जे निरोप आले, त्यांतील बरेच साखर वाढल्याचे नव्हते, ती घसरल्याचे होते. घटनाक्रम बहुधा एकच. घरातील ज्येष्ठ व्यक्ती शिस्तीने आठ वाजता गोळी घेते, कारण रोज सव्वाआठला पान वाढले जाते. त्या दिवशी पाहुणे उशिरा येतात, स्वयंपाक रेंगाळतो, आणि साडेनऊला दादा घामाने ओलेचिंब होऊन असंबद्ध बोलू लागतात. सगळ्यांना वाटते, दमले असतील.

घरी केलेल्या पास्त्याच्या बेतात हे घडण्याची शक्यता अधिक. दहा मिनिटे मळणे, अर्धा तास मुरणे, नवख्या हाताला चौघांचे लाटून कापायला तासभर, मग पाणी उकळणे. सात वाजता सुरुवात केली, तर नऊच्या आत पहिले पान वाढले जाणार नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. अन्न आले काय, न आले काय, त्या आपले काम करतात. टोचून घ्यायच्या इन्सुलिनचेही तेच. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका सहसा नसतो. आपल्या वडिलांच्या गोळ्यांत नेमके काय आहे, हे आधीच पाकिटावर वाचून किंवा डॉक्टरांना विचारून घ्यावे.

उपाय अवघड नाही. पास्ता दुपारी चार-पाच वाजताच लाटून, कापून, पिठी लावून फ्रिजमध्ये ठेवावा. रस्साही तयार ठेवावा. संध्याकाळी फक्त पाणी उकळायचे राहील. जेवणापूर्वीची गोळी वा इन्सुलिन घड्याळ पाहून न घेता पान पाहून घ्यावे. सॅलड आणि राजमा टेबलावर आले, पाणी उकळू लागले, की मग. ज्यांचे मिश्र इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते, त्यांच्यासाठी अर्धा तास खरोखर अर्धाच राहील याची जबाबदारी घरातील एकाने घ्यावी. जेवणाबरोबर वाइन ठेवणार असाल तर वडिलांनी ती उपाशीपोटी घेऊ नये. मद्यामुळे यकृताकडून रक्तात सोडली जाणारी साखर रोखली जाते आणि घसरण अधिक खोल होते.

तरीही घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, अकारण चिडचिड वा गोंधळ दिसला, तर ताबडतोब साखर तपासावी. ती ७० च्या खाली असल्यास, किंवा तपासणीचे यंत्र हाताशी नसल्यास न तपासताच, तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, गरज पडल्यास पुन्हा द्यावी. अशा वेळी पास्ता भरवू नये. तेल-चीज मिसळलेले पिष्ट रक्तात पोहोचायला फार वेळ लावते. सावरल्यावर मग जेवावे. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून रुग्णवाहिका बोलवावी.

पाहुण्यांत कोणाला सीलिअ‍ॅक आजार असेल, तर त्या दिवशी घरात मैदा उधळणेच टाळावे. त्यांच्यासाठी ‘अगदी थोडासा’ असे काही नसते, एकाच पातेल्यातील पाणीही चालत नाही.

जेवणानंतर वडिलांना पंधरा मिनिटे शतपावली घालायला घेऊन जावे, आवराआवर थांबू शकते. पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजावी. चीज आणि तेल यांमुळे ती उशिरा चढू शकते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटीही मोजावी आणि दोन्ही आकडे वेळेसह वहीत लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावेत. त्या आकड्यांवरून घरच्या घरी गोळीची मात्रा वाढवू वा कमी करू नये.