हळदीवर कर, कुंकवाला माफी

मकरसंक्रमणाचा पर्वकाळ आला की कृष्णाकाठच्या घरोघरी सुगडे पुजली जातात, तिळगूळ वाटला जातो आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे समारंभ चालतात. वाईच्या घाटावर कीर्तनास उभे राहिलो की समोरच्या माताभगिनींच्या हातातील तबकाकडे आमचे लक्ष सहज जाते. त्या एका तबकात राज्यकारभाराचे केवढे कोडे सामावले आहे, ते यंदा वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

तबकातील कुंकवावर वस्तू व सेवा कर नाही. वाणातील काचेच्या बांगड्यांवर नाही, ओटीच्या नारळावरही नाही. परंतु शेजारच्याच करंड्यातील हळदीवर शेकडा 5 कर आहे आणि तिळावरही तितकाच. गूळ सुटा घेतला तर कर नाही. तोच छापील वेष्टनात बांधून आला की शेकडा 5. कुंकू मोकळे आणि हळद मात्र बांधलेली, ही विभागणी कोणत्या शास्त्रास धरून आहे?

सांगलीकरांस हळदीची महती सांगणे नलगे. हरिपूरच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या ती साठविली गेली. 2018 साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनही लाभले. 2005 साली विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला. त्या काळात महाराष्ट्र शासनाने तांदूळ, गहू, डाळी, त्यांची पिठे, हळद, मिरची, चिंच, गूळ व नारळ यांस करमाफी दिली होती आणि तिची मुदत वेळोवेळी वाढविली होती. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला आणि दर ठरविणे एकट्या राज्याच्या हाती उरले नाही. नोंदणीकृत नाममुद्रेच्या धान्यापुरता असलेला कर 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या सर्वच वेष्टित व छापील धान्य, डाळी आणि पिठांवर आला.

22 सप्टेंबर 2025 रोजी, घटस्थापनेच्याच दिवशी, अनेक दर उतरले. तूप 12 वरून 5 वर आले, अंगाचा साबण 18 वरून 5 वर आला आणि तयार पोळी करमुक्त झाली. त्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु वेष्टनातील पिठावरचा कर राहिलाच. पोळी मोकळी आणि पीठ करात!

सुटे धान्य घ्यावे, निवडावे, दळून आणावे, असे कोणी म्हणेल. ज्यांच्या घरी जागा व सवड आहे त्यांना ते शक्य आहे. एका खोलीत संसार थाटलेली, कामावरून रात्री परतणारी भगिनी किलोभर पिठाची पिशवीच घेते. कर तिच्यावर बसतो.

राज्यास द्रव्य लागते, हे आम्ही जाणतो. 2019 च्या महापुरात सांगलीस शासनाची जी मदत पोहोचली, ती राजकोशातूनच. सूर्य जल शोषून घेतो तो सहस्रपटीने परत देण्यासाठी, तसाच दिलीप राजा कर घेई, असे कालिदासाने रघुवंशात वर्णिले आहे. पण कोणाकडून घ्यावे यालाही मर्यादा आहे. विवाह, यज्ञ, प्रसूती, देवपूजा, उपनयन, व्रत यांसाठी नेल्या जाणाऱ्या मालास कौटिल्याने अर्थशास्त्रात शुल्कमुक्त ठेवले, आणि खोटे सांगून ती सवलत लाटणाऱ्यास चोरीचा दंड सांगितला. द्रव्यलोभी म्हणून ज्याची ख्याती, त्यानेही गृहस्थाच्या संस्कारांपुढे हात आवरला!

माफी मिळाली म्हणजे भाव पुरते शेकडा 5 ने उतरतीलच असे नाही. कारण करमुक्त मालाच्या उत्पादकास वेष्टनादींवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तरीही जे उतरेल ते गरिबाच्या ताटात पडेल. म्हणून वस्तू व सेवा कर परिषदेत महाराष्ट्राच्या प्रतिनिधींनी हळद, तीळ, वेष्टित पीठ, डाळी व गूळ यांच्या माफीचा आग्रह धरावा. आणि माफी मिळालीच, तर ती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविणे हा व्यापारीबंधूंचा धर्म ठरेल; मधल्यामध्ये ती जिरविणाऱ्यास कौटिल्याने काय म्हटले असते, ते वर आलेच आहे.

‘गोड बोला’ असे सांगण्याचा हा सण आहे. गोड बोलण्याआधी तोंड गोड व्हावे लागते, आणि ते प्रत्येक घरी व्हावे, हीच कृष्णामाईच्या चरणी प्रार्थना.