एकोणीस मिनिटांचं आख्यान



मागच्या दोन्ही अंकांत मी तुम्हांला गुडघे आणि साखर यांवर पुरेसं रागावले आहे. म्हणून या खेपेला औषधपाणी बाजूला ठेवून गाण्यांवर लिहिते. लता-आशाची गाणी तुम्हां सगळ्यांना पाठच आहेत, त्यांच्यावर मी काय नवीन सांगणार? मी लिहिते आहे ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या एका बँडवर. त्याचं नाव ‘द डिसेंबरिस्ट्स’. बँडवाले आता पन्नाशीचे झाले, तरी मी त्यांना पोरंच म्हणते. माझ्या वयाला ते चालतं.

बाळांनो, तुम्ही हसाल की आजीला हे वेड कुठून लागलं. माझ्या मुलानं गाडीत विसरलेल्या एका सीडीमुळं. तिचं नाव ‘द क्रेन वाइफ’, २००६ सालची. तेव्हा मी रात्रपाळीला होते, जायला चाळीस मिनिटं लागायची आणि रेडिओवर नुसत्या जाहिराती. सीडी लावली तर त्यात एक जपानी लोककथा निघाली. गरीब माणूस जखमी क्रौंच पक्ष्याला वाचवतो. मग एक बाई त्याच्या घरी येते, त्याची बायको होते आणि दार लावून सुंदर कापड विणते. न राहवून तो आत डोकावतो, तर बायको म्हणजे तोच पक्षी, स्वतःची पिसं उपटून कापडात विणते आहे! ती उडून जाते ती कायमची. मी पार्किंगमध्ये गाडी बंद न करता बसून राहिले, गाणं संपेपर्यंत. त्या दिवसापासून मी यांची.

हा बँड २००० साली सुरू झाला. १८२५ सालच्या डिसेंबरात रशियात झारविरुद्ध उठाव झाला होता, त्यातल्या बंडखोरांवरून हे नाव घेतलं. गाणी लिहितो आणि गातो कॉलिन मेलॉय. त्याचा आवाज जरा नाकातला आहे, सुरुवातीला कानाला टोचतो, पण एक-एक शब्द स्पष्ट ऐकू येतो. आणि यांच्या गाण्यात माणसं असतात. खलाशी, शिपाई, विधवा, खुनी, राजे-राण्या. नुसतं ‘माझं तुझ्यावर प्रेम, तुझं माझ्यावर नाही’ एवढ्यावर यांचं भागत नाही.

२०२४ साली १४ जूनला यांचा नववा अल्बम आला. आधीचा २०१८ सालचा होता, म्हणजे सहा वर्षं मी वाट पाहिली. नाव लांबलचक आहे, ‘ॲज इट एव्हर वॉज, सो इट विल बी अगेन’. जसं होतं तसंच पुन्हा होईल. आपल्या ज्येष्ठांना शलोमोचं उपदेशकाचं पुस्तक आठवेल. अल्बम त्यांनी मोठ्या कंपनीकडून न काढता स्वतःच्या कंपनीकडून काढला. तेरा गाणी, सुमारे सदुसष्ट मिनिटं. दोन तबकड्या, चार बाजू. हो, तबकड्या! नातीनं मला खास आणून दिल्या. ज्या काळ्या रेकॉर्डी आपण मुंबईत फडक्यानं पुसून ठेवायचो, त्या आता पोरं हौसेनं पैसे मोजून घेतात.

आता मुद्द्याचं. हा अल्बम मला कळला तो कीर्तनामुळं. आपल्या लोकांनी १८८० नंतर मुंबईत मराठी कीर्तनं रचली, हे मोठ्यांना माहीत आहे, लहानांसाठी सांगते. शेजारच्या हरिदासांचं कीर्तन ऐकून आपल्यालाही वाटलं की योसेफाची, मोशेची, एस्तेर राणीची गोष्ट अशीच गाऊन सांगावी. कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा एखादा विचार घेऊन तो पाच-दहा बाजूंनी समजावतात. उत्तररंगात त्याच विचारावर एक मोठी गोष्ट, तिला आख्यान म्हणायचं. या अल्बमची बांधणी हुबेहूब तशी आहे. पहिल्या तीन बाजू बारा गाणी, तो पूर्वरंग. चौथ्या बाजूवर एकच गाणं, एकोणीस मिनिटांचं, ते आख्यान. मेलॉयनं कीर्तन कधी ऐकलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. पण गोष्ट गाऊन सांगायची म्हटली की माणसं कुठलीही असोत, शेवटी याच वाटेनं जातात.

पूर्वरंगाचा विषय काय? मरण. घाबरू नका, पुढे वाचा.

पहिलंच गाणं ‘बरियल ग्राउंड’, म्हणजे दफनभूमी. आणि चाल? अगदी सहलीला निघाल्यासारखी! चल, दफनभूमीत भेटू, असं कोणीतरी कोणाला हसत बोलावतंय. तिसरं ‘द रीपर्स’, कापणी करणाऱ्यांचं. चौथं ‘लाँग व्हाइट व्हेल’. त्यात ज्या दिवशी लग्न त्याच दिवशी नवरी जाते आणि नवरा ते सगळं पाय थिरकतील अशा ठेक्यावर सांगतो. दुसऱ्या बाजूला ‘डोन्ट गो टु द वुड्स’, जंगलात जाऊ नका. कोकणातल्या आज्या तिन्हीसांजेला वडाखाली जाऊ देत नसत, तोच धाक. मग ‘द ब्लॅक मारिया’, म्हणजे कैद्यांना न्यायची पोलिसांची काळी गाडी. ते इतकं हळू आवाजात गायलंय की श्वास रोखून ऐकावं लागतं. आणि त्याच्या मागोमाग ‘ऑल आय वॉन्ट इज यू’, साधंसुधं प्रेमगीत. इतक्या काळोखातून आल्यावर ते साधेपण किती गोड लागतं! गाण्यांचा क्रम मोडू नका असं मी म्हणते ते एवढ्यासाठी.

तिसऱ्या बाजूला ‘अमेरिका मेड मी’ आहे. अमेरिकेनं मला घडवलं. गाणारा इथलाच, मोंटानात जन्मलेला. त्याच्या गाण्यात मला या देशाविषयी प्रेम आणि चिडचिड दोन्ही सारखीच ऐकू येतात. मी १९७४ साली नर्स म्हणून न्यू जर्सीत उतरले, तेव्हा माझं शिक्षण, माझी भाषा, माझे हात सगळं मुंबईत घडून आलं होतं. अमेरिकेनं काय घडवलं, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, माझी मुलं आणि नातवंडं. चिडचिड तेवढी आम्हां दोघांची सारखी. हे गाणं नातीबरोबर ऐकताना ती जिथं हसते तिथं मला हसू येत नाही, आणि मी हसते तिथं ती माझ्याकडं बघत राहते. घरात एकदा लावून बघा, तुमच्याकडंही हेच होतं का ते.

आता थोडं घरचं. माझे यजमान गेले त्याला आता दोन वर्षं होतील. हॉस्पिटलात चाळीस वर्षं काढलेली मी. मरण माझ्या ओळखीचं होतं, पण कामावरच्या ओळखीचं. वॉर्डात मी एक गोष्ट सतत पाहिली. पेशंटला माहीत असतं, घरच्यांना माहीत असतं, आणि सगळे हवापाण्याच्या गप्पा मारतात. मूल खोलीत आलं की त्याला कँटीनला पाठवतात. आमच्या घरीही तेच झालं. शेवटच्या आठवड्यात नात दारात उभी राहायची आणि आम्ही मोठे तिला शाळेचं विचारायचो.

तीस दिवस घरात गाणं नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस लावावंसं वाटलं नाही. पुढं नातीनं या तबकड्या आणल्या आणि मला न विचारता पहिली बाजू लावली. ती उड्या मारणारी दफनभूमी ऐकून मी तिला थांबवणार होते, तेवढ्यात तिनं विचारलं, “आजी, आजोबा तिथं एकटे आहेत का गं?” बारा वर्षांची पोर. इतके महिने तो प्रश्न पोटात घेऊन फिरत होती. त्या संध्याकाळी आम्ही दोघी आजोबांविषयी बोललो, पहिल्यांदा, नीट. शेवटच्या रात्री काय झालं, त्यांना दुखलं का, ते काय म्हणाले. जे मी शेकडो अनोळखी कुटुंबांना समजावलं होतं ते माझ्याच घरात सांगायला एका गाण्यानं दार उघडलं. दुःखाच्या गाण्याला आनंदाची चाल का लावतात, हे मला तेव्हा समजलं. चाल मुलांना आत बोलावते. शब्द नंतर आपलं काम करतात.

या बँडमध्ये माझी सगळ्यात लाडकी म्हणजे जेनी कॉनली. पियानो, ऑर्गन आणि अकॉर्डियन वाजवते. अकॉर्डियन म्हणजे आपल्या पेटीची चुलत बहीणच. दोघींतही भात्याची हवा धातूच्या पातळ पट्ट्यांवरून जाते आणि सूर निघतो. म्हणूनच तिचं वादन सुरू झालं की मला माझगावच्या आमच्या चाळीतली पेटी ऐकू येते. २०११ साली जानेवारीत यांचा ‘द किंग इज डेड’ हा अल्बम देशात पहिल्या क्रमांकावर गेला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात जेनीला स्तनाचा कर्करोग असल्याचं जाहीर झालं. तिनं उपचार घेतले, बरी झाली आणि परत येऊन आपल्या जागेवर बसली. या नव्या अल्बममध्ये मरणाच्या गाण्यांमागं तिचे हात चालतायत, हे मी विसरू शकत नाही. (नर्सची सवय जात नाही: चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या सगळ्या बायांनी दर दोन वर्षांनी मॅमोग्राम करून घ्यायचा. ‘पुढच्या महिन्यात’ नव्हे, आत्ता फोन करा.)

आणि मग चौथी बाजू, आख्यान. ‘जोन इन द गार्डन’. ही जोन म्हणजे फ्रान्सची जोन ऑफ आर्क. शेतकऱ्याची मुलगी. तेरा वर्षांची असताना वडिलांच्या बागेत तिला आवाज ऐकू आले, असं तिनंच पुढे खटल्यात सांगितलं. सतराव्या वर्षी, १४२९ साली, ती फौजेबरोबर ऑर्लेआँला गेली आणि शहराचा वेढा उठला. १४३१ साली ३० मे रोजी रूआँ शहरात तिला जिवंत जाळलं. जेमतेम एकोणीस वर्षांची. एकोणीस वर्षांची मुलगी आणि एकोणीस मिनिटांचं गाणं. त्यांनी मुद्दाम केलं की नाही ते सोडा, माझ्या मनात मात्र ते बसलं आहे. ज्या चर्चच्या माणसांनी तिला पाखंडी ठरवलं त्याच चर्चनं १९२० साली तिला संत केलं. जसं होतं तसंच पुन्हा होईल!

गाणं हळू सुरू होतं, चढत जातं, आणि मधेच शब्द थांबतात. कितीतरी वेळ नुसते घुमणारे, कुरकुरणारे आवाज. शेवटी घोडे उधळावेत तसे गिटार आणि ढोल. आता चाहती असले तरी खरं ते बोलते. तो मधला भाग मला लांबला असंच वाटतं. कीर्तनात बुवा पाणी प्यायला थांबत तेव्हा श्रोते निदान खोकून घेत. इथं काय करावं कळत नाही. नात म्हणते, ते जोनच्या डोक्यातले आवाज आहेत. असतीलही. मी तेवढ्यात चहा टाकून येते. शिवाय तिसऱ्या बाजूची एक-दोन गाणी काढली असती तर काही बिघडलं नसतं, आणि मेलॉयला कोशातले शब्द वापरायची फार हौस. पण २०१८ च्या अल्बममध्ये यंत्राचे सूर फार होते, जेनीची अकॉर्डियन शोधावी लागायची. त्या मानानं इथं हे लोक आपल्या घरी परत आल्यासारखे वाटतात.

कसं ऐकायचं ते सांगते. एका बैठकीत एकच बाजू. फोन दुसऱ्या खोलीत. मुलांनी शब्द बघून आजी-आजोबांना अर्थ सांगायचा, कारण इंग्रजी त्यांचं पक्कं. आजी-आजोबांनी गोष्ट पुढं न्यायची, कारण गोष्टी त्यांच्याकडं जास्त. अगदी लहान मुलं असतील तर ‘डोन्ट गो टु द वुड्स’ दिवसाउजेडी लावा. आणि चौथी बाजू संपली की आईच्या, सासूच्या हातची कीर्तनाची वही कपाटात असेल ती बाहेर काढा. एक आख्यान म्हणून दाखवा. सूर लागला नाही तरी चालेल, मेलॉयचा तरी कुठं सरळ लागतो! मुलांनी मोबाइलवर ते भरून ठेवायचं. ती वही वाचता येणारी आपली पिढी शेवटची ठरू नये, एवढंच मला वाटतं.

ज्यांच्याकडं वही नाही त्यांनी मला कळवा. माझ्याकडच्या वहीतलं योसेफाचं आख्यान उतरवून पाठवीन, मोठ्या अक्षरांत.

पुढच्या अंकात पुन्हा रक्तदाब. तोवर मीठ कमी, गाणी जास्त.

शालोम!