सापाचे जेवण आणि आपली कणगी



गेल्या आठवड्याच्या टपालात एका भगिनीचे पत्र आले. वाचताना आधी हसू आले आणि मग वाटले, याचे उत्तर सगळ्यांनाच द्यावे. त्या लिहितात :

"डॉक्टरभाऊ, माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. परवा फोनवर बोलताना त्याने घरात पाळलेला साप दाखवला. काचेच्या पेटीत नारिंगी-तांबडा, दीड हात लांबीचा. सासूबाईंनी लगेच हात जोडले आणि म्हणाल्या, 'अरे, वाटीत दूध ठेवतोस ना त्याला?' तर तो म्हणतो, 'आजी, हा दूध नाही पीत. दुकानातून बर्फातले उंदीर आणतो, आठवड्याला एक.' तेव्हापासून सासूबाईंच्या घशाखाली घास उतरत नाही. आठवड्याला एक उंदीर म्हणजे नागोबाला उपाशी मारतोय म्हणतात. उंदरात असे काय असते, की त्यावर साप जगावा? दूध, अंडे, निदान मटणाचा तुकडा दिला तर चालणार नाही का?"

भगिनी, आधी सासूबाईंना जेवायला बसवा. तो साप उपाशी नाही. उलट, आपल्या घरातल्या पुष्कळ माणसांपेक्षा त्याचा आहार जास्त चौरस आहे. कसा, ते सांगतो.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो 'कॉर्न स्नेक' असावा. कॉर्न म्हणजे मका. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी साप. मक्याच्या कोठारांच्या आसपास उंदरांच्या मागावर तो फिरताना दिसे म्हणून हे नाव पडले, असे काही जण सांगतात. त्याच्या पोटावरची नक्षी रंगीत मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून पडले, असे दुसरे म्हणतात. काही असो, आपल्याकडे धामण जे काम करते, तेच तिकडे हा करतो. स्वभावाने गरीब, म्हणून लोक हौसेने पाळतात.

आता उंदराचा हिशेब मांडू. आपण ढेप घेताना प्रथिने किती, स्निग्धांश किती ते विचारतो ना, तसाच. पूर्ण वाढलेली पांढरी उंदरी धरा वीस ग्रॅम वजनाची. त्यात साधारण दोन भाग पाणी आणि एक भाग कोरडा ऐवज. म्हणजे तेरा-चौदा ग्रॅम पाणी आणि सहा-सात ग्रॅम ऐवज. या ऐवजात निम्म्याहून थोडी जास्त प्रथिने, जवळजवळ पाव हिस्सा चरबी आणि दहावा हिस्सा किंवा त्याहून जरा जास्त क्षार. पिष्ट पदार्थ जवळजवळ नाहीतच. आपली सरकीची पेंडही प्रथिनांच्या बाबतीत या उंदराच्या मागेच राहील.

पण खरी गोम प्रथिनांत नाही, ती 'सगळा उंदीर' या शब्दात आहे. साप चावून खात नाही, तोडून खात नाही. डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा गिळतो. त्यामुळे मांसातून प्रथिने मिळतात, हाडांतून चुना आणि स्फुरद मिळते, काळजातून अ जीवनसत्त्व मिळते, रक्तातून लोह मिळते. उंदराच्या पोटातले अर्धवट पचलेले धान्यही आयतेच पोटात जाते. एका घासात भाकरी, कालवण, लोणचे आणि वर क्षारमिश्रणाची पुडी! फक्त केस तेवढे पचत नाहीत, ते विष्ठेतून बाहेर पडतात.

म्हणूनच नुसता मटणाचा तुकडा चालत नाही. मांसात स्फुरद भरपूर, पण चुना अगदी थोडा. सापाला नुसते मांस महिनोन्‌महिने चारले तर शरीर चुन्यासाठी स्वतःच्याच हाडांना हात घालते. हाडे मऊ पडतात, मणका वाकतो. लहान मुलांच्या मुडदुसासारखाच प्रकार. हे आपल्याला नवे नाही. स्फुरद कमी पडले की गाय उकिरड्यावरची हाडे चघळत बसते आणि चुना कमी पडला की कोंबडी पातळ कवचाची अंडी घालते. मग आपण शिंपल्याचा चुरा टाकतो. सापाला चुरा टाकावा लागत नाही, कारण त्याचा शिंपला उंदराच्या अंगातच असतो.

अंड्याचे विचाराल, तर काही साप अंडी आवडीने खातात. विदर्भात तर अंड्यांवरच जगणारा एक दुर्मीळ साप आढळतो. पण उंदरावर वाढलेल्या जातीला नुसत्या अंड्यावर ठेवणे बरे नव्हे.

पुतण्याच्या दुकानात उंदीरही वयाप्रमाणे मिळतात. जन्मून एक-दोन दिवस झालेली, केस नसलेली गुलाबी पिले, मग लव फुटलेली, मग डोळे उघडून उड्या मारणारी आणि शेवटी मोठे उंदीर. गुलाबी पिलात पाच भागांतले चार भाग पाणीच असते आणि हाडे अजून कोवळी असल्याने चुनाही कमी. सापाच्या पिलाला ते ठीक, कारण त्याच्या तोंडात तेवढेच मावते. पण साप मोठा झाल्यावरही कोणी गुलाबी पिलेच चारत बसला, तर ते बारा वर्षांच्या पोराला पेजेवर ठेवल्यासारखे होईल. सापाच्या अंगाची जिथे जास्तीत जास्त जाडी, साधारण तेवढ्या जाडीचा उंदीर द्यावा, असा तिकडे दंडक आहे.

आणि उंदरात काय असते, हे उंदराने काय खाल्ले त्यावर ठरते. हाही आपलाच नियम. जसा चारा तसे दूध. चांगल्या खुराकावर वाढलेला उंदीर सापाला लागतो, तर नुसत्या तेलबियांवर माजलेला उंदीर सापाच्या अंगी चरबी चढवतो. फार दिवस बर्फात ठेवलेल्या उंदरातली काही जीवनसत्त्वेही उतरतात. मासे खाणाऱ्या सापांची आणखी एक गंमत. काही जातींच्या कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारा पदार्थ असतो. रोज तेच मासे घातले तर साप पोटभर खाऊनही आजारी पडतो, त्याला झटके येतात. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सापाकडूनही शिकावे.

मग आठवड्याला एकच उंदीर पुरतो कसा? तर साप आपल्यासारखा अंग गरम ठेवण्यासाठी अन्न जाळत नाही. तो ऊब उन्हातून घेतो. आपल्या खाण्याचा मोठा भाग नुसते अंग तापते ठेवण्यात जातो, सापाचा तो खर्च वाचतो. पण एकदा गिळले की मात्र त्याच्या शरीरात गिरणी सुरू होते. ब्रह्मदेशी अजगरावर केलेले संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. मोठे भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत त्याचे हृदय सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेले आढळले! पचन संपले की पुन्हा पूर्ववत. या कामाला ऊब लागते. पेटी थंड राहिली तर उंदीर पोटातच कुजतो आणि साप तो ओकून टाकतो. म्हणून पुतण्याला सांगा, खाऊ घातल्यावर दोन दिवस त्याला हाताळू नको आणि पेटीत एका बाजूला ऊब ठेव. कात टाकायच्या दिवसांत सापाने खाणे नाकारले तर घाबरायचे नाही. लाडाने जास्तही चारायचे नाही. पाळीव साप उपासाने आजारी पडतात त्याहून अतिखाण्याने जास्त.

आणखी एक. बर्फाने रोगजंतू मरतातच असे नाही. अशा उंदरांमुळे तिकडे माणसांना हगवणीची लागण झालेली आहे. उंदीर स्वयंपाकाच्या भांड्यात वितळवू नये, चिमट्याने द्यावा आणि साबणाने हात धुवावेत. घरात लहान मूल असेल तर दुप्पट जपावे. जिवंत उंदीर तर टाकूच नये. बंद पेटीत तो सापालाच चावतो. आणि शेतातला-गटारातला उंदीरही नको. त्याच्या अंगात लेप्टोचे जंतू असतील, नाहीतर कुणीतरी घातलेले विष.

आता दुधाकडे येतो. सासूबाईंचा मुख्य प्रश्न तोच आहे आणि माझ्याही मनात ती एक जुनी सल आहे.

दूध हे आचळ असलेल्या प्राण्यांच्या पिलांचे अन्न. सापाच्या आईला आचळ नाही. नाग अंडी घालतो, घोणस पिले देते, पण पाजत कोणीच नाही. सापाच्या आतड्यात दूध पचवण्याची सोयच नाही. गारुड्याचा नाग दूध पितो तो आवडीने नव्हे, तहानेने. त्याला आधी कित्येक दिवस कोरडा ठेवलेला असतो. ते दूध बाधून पुढे तो मरतो, पण आपण ते पाहायला नसतो.

आणि धामण गायीच्या पायाला वेटोळे घालून कासेला लागते, हे तर साफ खोटे. सापाला दूध ओढायला लागतात तसे ओठ नाहीत, गाल नाहीत. दात आहेत ते मागे वळलेले, बारीक सुयांसारखे. ते सडात रुतले तर गाय उभी राहील का?

१९८७ सालची गोष्ट. मी नुकताच एका दवाखान्यात रुजू झालो होतो. एका वाडीवरून निरोप आला, गायीचे दूध निम्म्यावर आले आहे. गेलो तर अंगणात सात हात लांबीची धामण मारून टाकलेली. घरधनी म्हणाले, "डॉक्टर, चोर सापडला. गोठ्यातच होती. आता तुमचं काम नाही." मी म्हटले, आलोच आहे तर कास बघतो. मागचे एक सड दगडासारखे, हात लावताच गाय पाय झाडी. चार धारा काढल्या तर दुधात गुठळ्या. दगडी झाली होती. 'धामण पिते' म्हणून त्यांनी पंधरा दिवस वाट पाहिली होती. तीन सड सुधारले, चौथे मात्र कायमचे गेले.

मला चुटपुट लागली ती दोन्हींची. त्या धामणीच्या पोटात काय होते, ते तिथल्या पोरांनी काठीने उसकून पाहिले होते. दोन उंदीर. त्या वर्षी त्या घरच्या कणगीतल्या ज्वारीला खालून भोक पडले आणि बरेच धान्य गेले. एका धामणीमुळेच ते झाले असे मी म्हणणार नाही. पण राखणदार मारून आपण चोराला मोकळीक दिली, एवढे खरे. उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच-सात पिले, आणि ती पिले दीड-दोन महिन्यांत पुन्हा वितात. पुतण्या ज्या उंदरासाठी दुकानात पैसे मोजतो, तो आपल्याकडे धामण फुकट नेते.

याचा अर्थ आपणही साप पाळावा असा नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, धामण, अजगर पकडणे, पाळणे, मारणे हा गुन्हा आहे आणि तो योग्यच आहे. तेव्हा पुतण्याचे पाहून गावातल्या पोरांनी बरणीत साप ठेवू नयेत.

मग करावे काय? धान्य घराच्या भिंतीला लावून रचू नका, जमिनीपासून उंचावर ठेवा. घराजवळचे दगड-लाकडांचे ढीग हलवा. उंदीर म्हणजे सापाला घातलेले आमंत्रण. तो घरात नसला की घोणस-नागही घराकडे फिरकण्याचे कारण उरत नाही. विष घातले तर मेलेले उंदीर रोज शोधून खोल पुरा, म्हणजे ते घुबड, मांजर, धामण यांच्या पोटात जाणार नाहीत. घरात साप निघाला तर लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. दंश झालाच तर कापाकापी नको, मांत्रिक नको, थेट सरकारी दवाखाना. आणि दूध कमी झाले की आधी कास बघा, साप नंतर शोधा.

भगिनी, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. नागपंचमीला त्यांनी पाटावरच्या चित्राच्या नागोबाला दूध-लाह्या जरूर दाखवाव्यात. तो भाव खरा आहे. नंतर ती वाटी नातवंडांना द्यावी. दूध त्यांच्या हाडांना लागेल. बांधावरचा जिवंत नागोबा आपले जेवण आपण शोधून घेतो, आणि त्यात आपल्या कणगीचेही भले आहे.

असो. पत्रे येऊ द्या.