पुन्हा उगवतं म्हणून तोडायचं नसतं



झाडूचा फटका लागून पालीचं शेपूट तुटलं की घरात कोणीतरी म्हणतंच, "राहू दे गं, तिला नवीन फुटतं." फुटतं हे खरं आहे. पण या एका वाक्यावर आपण किती सहज सुटका करून घेतो, त्याबद्दल आज लिहायचं आहे.

पालीच्या शेपटीच्या मणक्यांत तुटण्याच्या जागा आधीपासूनच असतात. संकटात स्नायू आवळून ती शेपूट सोडून देते. तुकडा वळवळत राहतो, शत्रू तिकडे बघतो आणि पाल निसटते. पण नव्या शेपटीत मणके येत नाहीत, कूर्चेची नळी येते. शिवाय जुन्या शेपटीत तिने अडीअडचणीसाठी चरबी साठवलेली असते. मी कॉमर्सवाली, मला हा हिशेब लगेच कळतो. साठवलेली पुंजी गेली आणि नवं उभारायचा खर्चही तिच्याच अंगावर पडला. शेपूट परत आलं म्हणजे नुकसान झालंच नाही, हे जमाखर्चात बसत नाही.

पालीपेक्षा कितीतरी पुढे गेलेला जीव म्हणजे हायड्रा. गोड्या, संथ पाण्यात पाणवनस्पतीला चिकटून राहणारा, काही मिलिमीटर लांबीचा. १७४० च्या सुमारास अब्राहम ट्रेम्बले यांना प्रश्न पडला की ही वनस्पती की प्राणी? ते ठरवायला त्यांनी तो कापला, तर दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण हायड्रा झाले! मधला तुकडा घेतला तरी डोकं डोक्याच्याच बाजूला येतं, पाय पायाच्याच बाजूला.

आपल्या पुण्यातही आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. पुण्यात सापडलेल्या हायड्राचं शास्त्रीय वर्णन त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. असे अभ्यासक हायड्रा कापतात, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कोणत्या वेळी कोणती जनुकं जागी होतात ते नोंदवतात. माणसाचं यकृतही काही भाग काढला तर वाढून भरून येतं, पण हात किंवा पाय येत नाही. असं का, याचं उत्तर शोधताना हे छोटे जीव उपयोगी पडतात.

पाठशाळेत ज्या 'जीवविचार' शिकल्या त्यांना आठवेल. अनंतकाय वनस्पती ओळखायची जी लक्षणं सांगितली आहेत, त्यांत एक आहे: कापल्यावर पुन्हा उगवणं. हायड्रा आपल्या ग्रंथांत होता असं मी म्हणत नाही, तसे फॉरवर्ड मला आवडतही नाहीत. मला एवढंच दिसतं की 'पुन्हा उगवतं' हे आपल्याकडे कापायची परवानगी म्हणून सांगितलेलं नाही. तिथे जीव जास्त आहे, म्हणून जास्त जपा, असं सांगितलं आहे.

मग संशोधन बंद करायचं का? मला तसं वाटत नाही. औषधं आपणही घेतो, आणि घेताना ती कशी तयार झाली हे विचारत नाही. पण नवीन काही कळण्यासाठी एक जीव कापणं वेगळं आणि पुस्तकात छापलेलंच पुन्हा बघायला वर्गावर्गात शेकडो कापणं वेगळं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या शिक्षणातलं विच्छेदन थांबवायला सांगितलं, ते मला योग्य वाटतं. संशोधकानेही 'याला काय, परत येईल' असं न म्हणता प्रत्येक जिवाचा हिशेब ठेवावा.

आणि आपण? पाणी गाळून गाळण्यातले जीव परत विहिरीत सोडणाऱ्या आज्यांच्या आपण नाती. प्रतिक्रमणात एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्यांची क्षमा मागतो. तर ओट्यामागची पाल हाकलताना झाडू आपटण्याऐवजी दिवा बंद करून खिडकी उघडी ठेवावी. ती थोड्या वेळाने जाते, शेपटीसकट.