पाळीव अजगराची जबाबदारी कोणाची?

परदेशी अजगर विकत घेणे आणि अजगर पाळणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला एक दिवस पुरतो. दुसरीला वीस-तीस वर्षे लागतात. पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथन हा या बाजारातील सर्वांत खपाऊ साप. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातील अशा एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचे वय साठीच्या पुढे असावे असा तेथील जाणकारांचा अंदाज होता. म्हणजे विशीतल्या मुलाने हौसेखातर घेतलेला हा प्राणी त्याचे शिक्षण, नोकरी, बदली, लग्न या सर्वांतून त्याच्याबरोबर राहावयाचा असतो. तसा तो राहत नाही, आणि प्रश्नाला सुरुवात होते ती तेथूनच.

मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात असे साप सापडल्याच्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. २०२३ च्या डिसेंबरात तर ते खाऊच्या पुड्यांत दडवून आणलेले आढळले. पकडले गेलेले साप बहुधा आल्या वाटेने परत धाडले जातात. निसटलेले घरोघरच्या काचेच्या पेट्यांत जाऊन पडतात. गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी ही हौस अजून दूरची वाटेल. परंतु वाळूजची औद्योगिक वसाहत याच तालुक्यात आहे आणि छत्रपती संभाजीनगर तासाभराच्या वाटेवर आहे. शहराची हौस आणि शहराने टाकून दिलेल्या वस्तू, या दोहोंनाही तालुक्यापर्यंत पोहोचावयास फारसा वेळ लागत नाही.

कुत्रा टाकून दिला तर तो निदान गल्लीत दिसतो, भुंकतो, दारात येऊन बसतो. अजगराची उपेक्षा मुकी असते. तो महिनोन् महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे तो उपाशी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पेटीतील ऊब कमी झाली की त्याचे पचन बिघडते, पाण्याचे भांडे कोरडे राहिले की कात सलग न निघता तुकड्यातुकड्याने अंगाला चिकटून राहते. आणि अशा दुबळ्या, कोंडलेल्या सापावर जी कीड हमखास चढते ती म्हणजे माइट. वांग्यावर किंवा कापसावर पडणारा लाल कोळी शेतकऱ्याला ठाऊक असतो. त्याच्याच गोत्रातील, पण सापाच्या रक्तावर जगणारी ही कीड आहे. मोहरीच्या दाण्याहूनही लहान, काळसर तांबडी. ती खवल्यांच्या खाली, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीच्या घडीत दाटीने बसते. खवल्यांवर पांढुरकी भुकटी दिसते, ती तिची विष्ठा. हैराण झालेला साप दिवसचे दिवस पाण्याच्या भांड्यात बुडून राहतो, आणि घरची मंडळी कौतुकाने म्हणतात, की याला पाण्याची मोठी आवड आहे! प्रादुर्भाव वाढला म्हणजे रक्तक्षय होतो, तोंडाला दाह होतो, जंतुसंसर्ग बळावतो.

या किडीची खरी अडचण तिच्या राहणीत आहे. मादी रक्त पिऊन झाल्यावर सापाच्या अंगावर राहत नाही. पेटीच्या फटीत, लाकडाच्या भेगेत, अंथरलेल्या भुशात जाऊन अंडी घालते. उबदार जागेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. म्हणून सापाला औषध लावून भागत नाही. भुसा जाळावा लागतो, लाकूड टाकून द्यावे लागते, पेटीचे सांधे न् सांधे धुवावे लागतात, तळाशी साधे वर्तमानपत्र अंथरून ते वारंवार बदलावे लागते आणि हे सारे कित्येक आठवडे पुन:पुन्हा करावे लागते. तोवर त्या सापाला इतरांपासून दूर ठेवावयाचे. त्याची भांडी वेगळी, हाताळणाऱ्याचे हातमोजेही वेगळे. उपासमारीतून आलेल्या सापापुढे एकदम मोठे भक्ष्य टाकूनही चालत नाही. आधी पाणी, मग ऊब, मग अगदी थोडे अन्न, हा क्रम पाळावा लागतो.

हे काम तालुक्याच्या ठिकाणी कोण करणार? तेथील पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशी, बैल, शेळ्या यांच्यासाठी आहे आणि तसाच तो असावयास हवा. शेतकऱ्याचा संसार त्यावर अवलंबून आहे. त्या कपाटातील गोचिडांवरचे औषध गुरांच्या मापाने अजगरावर फवारले तर किडीबरोबर अजगरही दगावण्याची धास्ती असते. आयव्हरमेक्टिनसारखे परिचित औषध शेजारच्या खोलीतील कासवाला घातक ठरते. सरपटणाऱ्या प्राण्यांची वैद्यकी हे स्वतंत्र शास्त्र आहे. त्याचे जाणकार राज्यात मोजक्याच ठिकाणी सापडतात. वन्यप्राण्यांच्या उपचारासाठी नागपूरला गोरेवाडा येथे केंद्र आहे खरे, पण ते मराठवाड्याच्या या टोकापासून साडेचारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

मग राहतो तो सर्पमित्र. विहिरीतली धामण, न्हाणीघरातला नाग त्याने पकडावा आणि संध्याकाळपूर्वी ओढ्याकाठी सोडून द्यावा, हे त्याचे नित्याचे काम. बहुतेकदा त्यासाठी पेट्रोल तो पदरचेच घालतो. परदेशी अजगराच्या बाबतीत मात्र सोडून देणे हा मार्गच बंद आहे. कायगावजवळच्या गोदावरीकाठी उसाच्या फडात तो सोडला, तर एक तर तो तेथे मरेल, किंवा जगलाच तर आपल्या अंगावरची कीड आणि पोटातले परजीवी देशी सापांना देईल. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात हेच घडले. पाळलेले व निसटलेले ब्रह्मदेशी अजगर तेथील दलदलीत माजले. त्यांच्याबरोबर आलेला फुप्फुसातील एक आशियाई परजीवी तेथल्या मूळच्या सापांत पसरला. २०१२ मध्ये अमेरिकेने या अजगरांच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा फार उशीर झाला होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही वाटू नये. सौदा विकणारा आणि घेणारा यांच्यात होतो, त्याचा भुर्दंड मात्र त्या सौद्यात नसलेल्या तिसऱ्याला पडतो.

कायद्याने याचा विचार केलेला नाही असे नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांची मुदत दिली आणि या मुदतीत प्राणी जाहीर केल्यास आयातीची कागदपत्रे मागितली जाणार नाहीत, असे आश्वासन दिले. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली. जन्म, हस्तांतर, मृत्यू, सारे काही कळवावयाचे. देशात काय आहे याची मोजदाद व्हावी हा त्यामागचा हेतू योग्यच म्हणावा लागेल.

परंतु याच कायद्याची दुसरी बाजूही पाहावी. मराठवाड्यातील आठवडी बाजारांतून एके काळी गारुड्याची टोपली हमखास दिसे. १९७२ च्या कायद्याने ती बेकायदेशीर ठरवली. गारुड्याच्या हातून होणारे हाल लहान नव्हते. दात उपटलेले, तोंड शिवलेले, तहानेने व्याकुळ होऊन दुधाला तोंड लावणारे नाग त्याच्या टोपलीत होते, आणि ती टोपली गेली याचे दु:ख करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की त्याला कोणी सहा महिन्यांची मुदत दिली होती काय? १९७६ मध्ये सर्पकातड्यांची निर्यात बंद झाल्यावर तामिळनाडूतील इरुळांसाठी १९७८ मध्ये सर्पविष काढणारी सहकारी संस्था उभी राहिली आणि त्यांचे कसब लस बनविण्याच्या कामी आले. महाराष्ट्राच्या गारुड्याच्या वाट्याला अशी संस्था आली नाही. त्याच्या दारी कायदा आला तो शिपायाच्या वेषात. आजही देशी अजगर बाळगणाऱ्यास तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. याउलट कागदपत्रांविना आणलेला परदेशी अजगर दिवाणखान्यात ठेवणाऱ्याला, त्याने मुदतीत अर्ज केला एवढ्यावर, सारे माफ झाले. एकाच शास्त्रीय कुळातले दोन प्राणी, दोघांचे हाल सारखेच, कीडही तीच. फरक मालकाच्या ऐपतीचा.

माफी दिली ती दिली. ती परत घेता येणार नाही, आणि घेतली तर लोक साप लपवतील किंवा रातोरात सोडून देतील. पण नोंदणीला जबाबदारीची जोड देणे अजूनही शक्य आहे. मोठ्या सापाची नोंदणी करताना मालकाने अनामत ठेवावी. प्राणी त्याच्याकडून काढून घ्यावा लागला किंवा त्यानेच स्वाधीन केला, तर त्या रकमेतून उपचार व पोषण व्हावे. प्राणी नीट सांभाळून नैसर्गिक मृत्यूपर्यंत ठेवला, तर व्याजासह परत मिळावी. रक्कम प्राण्याच्या किमतीवर नव्हे, त्याच्या आयुर्मानावर ठरावी. यावर आक्षेप येईल की अनामत जड वाटली म्हणजे व्यवहार भूमिगत होतील. आक्षेप पोकळ नाही. मात्र आज नोंदणी जवळजवळ फुकटात पडत असतानाही चोरटी आयात थांबलेली नाही, तेव्हा स्वस्ताईने चोरी आटोक्यात येते हा युक्तिवाद अनुभवावर टिकत नाही. विमानतळावरची तपासणी आणि अनामत या दोन्ही गोष्टी बरोबरीनेच कराव्या लागतील.

शिवाय ज्याला प्राणी खरोखरच झेपेनासा झाला आहे, त्याला तो निर्भयपणे आणून देता येईल अशी जागा जिल्ह्यात हवी. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयातील एका डॉक्टरास सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्रशिक्षण, विलगीकरणाची एक बंद खोली, तीत धुता येतील अशा बिनलाकडी पेट्या, तापमापक आणि दोन प्रशिक्षित मदतनीस, एवढ्यावर आरंभ होऊ शकेल. सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालयावर हा भार टाकावा असे कोणी सुचवील. पण किडीने भरलेला साप तेथील निरोगी सापांच्या शेजारी नेऊन ठेवणे म्हणजे रोग्याच्या सोयीसाठी सारा वॉर्ड आजारी पाडण्यासारखे होईल. खोली वेगळीच हवी, आणि तिच्या वर्षाच्या खर्चाचा आकडा जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दिसावयास हवा.